दूरच्या स्टेशनावरचे तीन ठोके

जमिनीचं ऐकणं हा माझा धंदा. कुणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग हमखास विचारतात, मग काय म्हणते जमीन? पूर्वी मी उत्साहानं समजावून सांगायचे. आता कुणी विचारलं की विषय बदलते. का बदलते ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

नांदेडला रेल्वे स्टेशनच्या मागच्या अंगाला, एका भांड्याच्या दुकानाच्या माडीवर आमची दोन खोल्यांची कचेरी होती. खाली दिवसभर घागरींचा खणखणाट आणि वर आम्ही दोघं, मी आणि चाचा. चाचा नांदेडच्याच एका घड्याळवाल्या घराण्यातले. तीन पिढ्या घड्याळं दुरुस्त केली, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि दुकान बसलं. तेव्हापासून ते जमिनीचे कंप टिपणारी आमची यंत्रं दुरुस्त करायचे. मला बेटा म्हणायचे. मी तापट आहे, तोंडाची फटकळ आहे, आमचे साहेबसुद्धा माझ्याशी जरा जपूनच बोलायचे. चाचा मात्र कधी दबले नाहीत. मी आईवर गेले असं गावचे लोक म्हणतात. आईचा स्वभाव मला नीट आठवत नाही, त्यामुळं ते खरं की खोटं हे तपासता येत नाही.

काम काय होतं ते सांगते. हदगावच्या पुढं, पैनगंगेच्या बाजूला एक गरम पाण्याचं कुंड आहे. तिथल्या माळावर बाहेरून आलेल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला होता. कारखान्याच्या धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो, तो पकडायचा, पाण्यात मिसळायचा आणि खोल बोअर मारून खालच्या काळ्या दगडात सोडायचा. गोटी सोड्यात गॅस कोंडलेला असतो ना, तसलंच पाणी. दगड गरम असला की त्या पाण्याचं आणि दगडाचं लवकर जमतं आणि वायूचा हळूहळू पांढरा दगड होऊन बसतो, कायमचा. कल्पना चांगली होती. पण दाबानं पाणी घातलं की खडकातल्या जुन्या भेगा सरकतात आणि सरकल्या की धक्के बसतात. माणसाला कळणारही नाहीत इतके बारीक. ते वाढत चालले तर पंप बंद करायचा, एवढं सोपं. ते ऐकायला माळावर सहा यंत्रं पुरली होती आणि सहाच्या सहा रेघा नांदेडला आमच्या पडद्यावर सरकत असायच्या.

सातवं यंत्र लांब होतं. कुठं दुसरीकडं जमीन हलली तर तिचा कंप आमच्या माळावरही पोचतो. तो बाहेरचा की आमच्या बोअरचा हे ओळखायला एक कान दूर ठेवावा लागतो. आम्ही त्याला दूरचं स्टेशन म्हणायचो.

आणि आमचा एक नियम होता, तो लक्षात ठेवा. एकाच यंत्रावर काही दिसलं तर ते भूकंप नाही. निदान तीन यंत्रांनी साक्ष दिली पाहिजे. एकट्या यंत्राला ऐकू येतं ते बैलगाडीचं, ट्रॅक्टरचं, पिठाच्या गिरणीचं, अंग घासणाऱ्या म्हशीचं. ह्या सगळ्याला आमच्यात कल्चरल नॉइज म्हणतात. म्हणजे माणसांच्या वावरण्याचा आवाज. त्याच्यापुढं सी एन ही दोन अक्षरं टाकायची आणि पुढं जायचं. मी दिवसाला पन्नास वेळा ती अक्षरं टाकायचे, चहा पिता पिता.

आता गावाकडं वळते. आमचं गाव लातूर जिल्ह्यातलं, औशाच्या पुढं, भूकंपात गेलेल्या पट्ट्यातलं. मी दहा वर्षांची होते. गणपती बुडवून सगळे दमून झोपले होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, उकडतंय म्हणून बाहेर खळ्यावर पडले होते. मी आणि आई आत होतो. दगडमातीचं घर, माळवदावर मणामणाची माती. सगळं खाली बसलं.

मला आठवतं ते उजाडल्यानंतरचं. उजाडलं होतं हे नंतर कळलं, माझ्याकडं अंधारच होता. छातीवर लाकूड, तोंडात माती. उजव्या हाताला काहीतरी गार, गोल लागत होतं. तो आईचा वरवंटा होता. ओरडायला घशात ओल नव्हती, म्हणून मी वरवंट्यानं शेजारच्या दगडावर ठोकायला लागले. ठोकायचं, दमायचं, परत ठोकायचं. किती वेळ गेला देव जाणे. मग वरून ठोका आला. एक, दोन, तीन. मी तीन ठोकले. वरून परत तीन आले. आण्णा कुणाची तरी पहार घेऊन वर ठोकत होते. मग पहार मला लागेल म्हणून त्यांनी ती टाकून दिली आणि हातांनी उकरायला लागले. दुपारपर्यंत मी बाहेर होते.

आई तिसऱ्या दिवशी निघाली. पाट्याचे दोन तुकडे झाले होते, वरवंटा तेवढा शाबूत राहिला. आण्णांनी तो धुऊन ठेवला. घरातलं एवढंच सामान त्यांनी नव्या गावात नेलं.

नवं गाव म्हणजे आखीव वसाहत. सिमेंटच्या खोल्या, रुंद रस्ते, घराघरात अंतर. जुन्या गावात आमची आणि शेजाऱ्यांची भिंत एकच होती, त्यांच्याकडं मिरचीची फोडणी पडली की आम्ही शिंकायचो. नव्या गावात बोंब मारली तरी पलीकडं पोचायची नाही. एकाचं घर दुसऱ्यावर पडायला नको म्हणून असं बांधलंय, असं सगळे सांगायचे. त्यांचंही बरोबरच होतं.

आण्णांनी ठरवलं, पोरीला डॉक्टर करायचं. त्या काळात लातूरला शिकवण्यांचं पेव फुटलं होतं. गल्लीत क्लास, माडीवर होस्टेल, तळघरात खानावळ. पत्र्याच्या हॉलमध्ये एका बाकावर पाच पाच जणी कोंबलेल्या आणि समोर सर माइकवरून फिजिक्स सांगायचे. वरून पाऊस लागला की सरांचे नुसते ओठ हलताना दिसायचे. तरी आम्ही लिहून घ्यायचो. खोलीत आम्ही चौघी, चार कोपऱ्यांत चार घड्याळं, चारींचे गजर वेगळे. वरणात डाळ शोधावी लागायची.

दर रविवारी आण्णा एसटीनं यायचे. होस्टेलच्या बाईंनी पुरुषमाणसाला आत यायची बंदी केली होती, मग ते फाटकाबाहेरून कडी वाजवायचे. तीन वेळा. थांबायचे. परत तीन वेळा. हातात धपाट्यांचा डबा. पोरी म्हणायच्या, आला गं तुझा पोस्टमन. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका रविवारी मी फाटकापाशी जाऊन त्यांना सुनावलं की असं ठोकत जाऊ नका, पोरी हसतात. त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी ते कडी न वाजवता उन्हात नुसते उभे राहिले. मी खिडकीतून बघितलं होतं. एक गणित सुटत नव्हतं, ते सुटेपर्यंत मी खाली गेले नाही.

त्याच वर्षी एका लग्नात दूरच्या एका मावशीनं सहज बोलता बोलता सांगितलं. त्या सकाळी आमच्या घरातून दोन ठिकाणांहून ठोके येत होते. एक माझा, एक चुलीच्या बाजूनं. आण्णा माझ्याकडं वळले. मी बाहेर निघेपर्यंत दुसरा आवाज थांबला होता.

मी तशीच एसटी धरून घरी गेले. आण्णा दारात तूर निवडत बसले होते. मी पिशवीही खाली ठेवली नाही आणि विचारलं, आईचा आवाज येत होता हे खरं का? त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“दोन्ही आवाज आले, माय. हात दोनच होते.”

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. त्यांच्याजवळ जाऊन बसता आलं असतं. मी म्हणाले, “मला काढा म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं का?”

खरं तर सांगितलंच होतं की. ठोकून ठोकून सांगितलं होतं. ते तसं म्हणू शकले असते, पण म्हणाले नाहीत. त्यांनी सूप उचललं आणि आत गेले.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं. डॉक्टरीला मार्क कमी पडले. मी नांदेडला फिजिक्स शिकले आणि तिथंच राहिले. लग्न केलं नाही, तो वेगळा विषय. आण्णा एकटे राहिले. हळूहळू त्यांना ऐकू येणं कमी झालं. फोनवर मी काहीही विचारलं तरी ते म्हणायचे, हाव माय, जेवलो. ऐकायचं यंत्र घेऊन दिलं, ते त्यांनी डब्यात ठेवलं. कानात मुंग्या आल्यासारखं वाटतंय म्हणे. मी चिडले आणि फोन करणं कमी केलं. आज हे लिहिताना माझीच मला शरम वाटते, पण झालं ते असं झालं.

दूरच्या स्टेशनाला जागा शोधायची होती तेव्हा मी साहेबांना आमचं परसू सुचवलं. जागा शांत आहे, राखणदार भरवशाचा आहे असं सांगितलं. मनातलं कारण वेगळं होतं. यंत्राच्या निमित्तानं मला वर्षातून तीन-चार वेळा घरी जावं लागणार होतं आणि कुणी विचारलं तर कामाला आले असं म्हणता येणार होतं. त्या उंबऱ्यावर काही काम नसताना पाय ठेवायचं मला धाडस होत नव्हतं.

घराच्या मागं, धुण्याच्या दगडापासून दहा-बारा पावलांवर आम्ही खड्डा केला. यंत्र बसवलं, वर लोखंडी झाकण, बाजूला एक शहाबादी फरशी. आण्णा दोन दिवस माझ्यामागं पोरासारखे फिरत होते, हातात पाण्याचा तांब्या. यंत्र बसवलं की ते जिवंत आहे का हे बघायची आमची एक साधी रीत आहे. एकानं जवळ जमिनीवर ठोकायचं आणि दुसऱ्यानं कचेरीत पडद्यावर बघायचं. मी आण्णांना म्हणाले, काहीतरी जड आणा. त्यांनी आतून वरवंटा आणला. तोच, आईचा. त्यांनी फरशीवर तीनदा ठोकलं. मी चाचांना फोन लावला होता, त्याचा आवाज मोठा केला होता.

“आया बेटा, साफ आया,” चाचा म्हणाले.

आण्णांना ते ऐकू गेलं नाही, मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना.

“म्हंजी हितं ठोकलं की तुला तिथं दिसतंय?”

“हाव आण्णा. मुंगी चालली तरी दिसतंय.”

मुंगीचं मी आपलं शेखी मिरवायला बोलले होते. त्यांनी मान हलवली, दोनदा, एखाद्या कामाची बोली पक्की झाल्यासारखी. मी नांदेडला परतले आणि ते बोलणं विसरून गेले.

आठवड्याभरानं दूरच्या स्टेशनाच्या रेघेवर रोज सकाळी एक खोड दिसायला लागली. सव्वासातला तीन उंच टोकं, थोडी जागा, परत तीन. मी म्हटलं गवळी असेल, किटली आपटत असेल. मग म्हटलं कुणी खुंटा ठोकत असेल. रोज कसला खुंटा? ते काही मी पुढं विचारलं नाही. चाचा चष्मा कपाळावर चढवून त्या रेघेकडं बघत राहायचे. घड्याळवाल्याची नजर ती.

“ये आदमी टैम का बड़ा पक्का है, बेटा. जरा पूछ तो ले.”

मी विचारलं नाही, दम दिला. समोरच्या काकूंना फोन करून आण्णांना द्यायला सांगितलं. त्या भावकीतल्या, रस्त्यापलीकडं राहायच्या. आण्णा फोनवर आले तेव्हा मी ओरडून सांगितलं की यंत्रापाशी कोणीतरी रोज सकाळी ठोकतंय, रेघ खराब होते, बंद करायला सांगा.  ते म्हणाले, “बरं माय. सांगतो.”

कुणाला सांगतो, हे मी विचारायला हवं होतं.

पंधरा दिवस रेघ स्वच्छ राहिली. मग ठोके परत आले, पण हलके. पहिल्याच्या निम्मेही नसतील. वेळ तीच. माझं डोकं भडकलं. इतकं सांगूनही ऐकत नाहीत म्हणजे काय! परत फोन करायचा, परत ओरडायचं, त्यापेक्षा मी सोपा मार्ग काढला. कॉम्प्युटरला सांगून टाकलं की ह्या स्टेशनाची सात ते साडेसातची रेघ पडद्यावर दाखवूच नको. पाच मिनिटांचं काम. चाचांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, न दिसणं म्हणजे नसणं नाही. मी म्हटलं, चाचा, तुम्ही तुमचा सोल्डर तापवा.

मधल्या काळात मी दोनदा गावी गेले, यंत्राची बॅटरी बदलायला. झाकणाशेजारी फरशीवर वरवंटा ठेवलेला होता, जुन्या धोतराचं फडकं गुंडाळून. मला वाटलं झाकणावर वजन म्हणून ठेवायला आणला असेल. आण्णांनी मला जेवायला घातलं. त्यांनी काही विचारलं नाही, मीही नाही. निघताना ते फाट्यापर्यंत आले आणि एसटी हलेपर्यंत उभे राहिले. मी खिडकीतून हात केला. हात केला हे बरं झालं.

मग ते सोयाबीनच्या सुगीचे दिवस आले. माळावर पंपाचा दाब वाढवायचा टप्पा होता. भूकंपाचं ऐकलेले लोक तिकडं हदगावकडंही घाबरलेलेच होते, आणि त्यांचं काय चुकलं? साहेबांनी बजावलं होतं, तासातासाला अहवाल पाहिजे, एकही धक्का सुटता कामा नये. मी सकाळी सहालाच खोली उघडली. सात ते साडेसात दूरच्या स्टेशनाची रेघ पडद्याआड होती, म्हणजे त्या दिवशी सव्वासातला ठोके आले नाहीत हे मला कळायचा प्रश्नच नव्हता.

पावणेनऊला ते सुरू झाले. तीन. थांबून तीन. थांबून तीन. नेहमीसारखे हलके नव्हते, भरभक्कम होते. माळावरची सहा यंत्रं शांत, एकट्या दूरच्या स्टेशनावर धिंगाणा. नियमाप्रमाणं मी दोन अक्षरं टाकली. परत आले, परत टाकली. कुणीतरी बांधकाम काढलंय, मी वैतागून म्हणाले. चाचा उठून माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

“बेटा, आज ये अलग है. घर फोन कर.”

मी आण्णांचा फोन लावला. वाजत राहिला. तो तसाही वाजतच राहायचा. काकूंचा लावला, तो बंद. सुगीचे दिवस, सगळी वसाहत शेतात. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी चाचांना म्हटलं, तुम्ही माळाच्या सहा रेघा बघा, ह्याचं मी संध्याकाळी बघते. जरा जोरातच म्हटलं. ते जागेवर जाऊन बसले.

अकराला ठोके विरळ झाले. बाराला परत नेटानं आले, मग लांब लांब अंतरानं. दोननंतर तीनाचे दोन झाले, दोनाचा एक. मी प्रत्येकापुढं ती अक्षरं टाकत गेले. चार वाजायच्या जरा आधी एक आला, इतका बारका की नेहमीच्या दिवशी मी तो ठोका धरलाही नसता. त्यानंतर रेघ सरळ झाली. मी पाठ खुर्चीला टेकली आणि म्हणाले, “चला, थांबलं एकदाचं.”

हे शब्द माझे आहेत. चाचा साक्षीला आहेत. संध्याकाळचा अहवाल मी स्वच्छ लिहिला, धक्के नाहीत, सगळं ठीक. साहेबांनी शाबासकी दिली.

काकूंचा फोन आला तेव्हा आम्ही खोलीला कुलूप लावत होतो. त्या शेतातून आल्या, आण्णांच्या दारात दिवा दिसेना म्हणून मागं गेल्या. मी फोन कानाला लावून जिन्यातच बसले. पुढचं चाचांनी ऐकून घेतलं.

सकाळी अंघोळीच्या वेळी ते धुण्याच्या दगडावर घसरले होते. मांडीचं हाड मोडलं, आतल्या आत रक्त गेलं. दुपारपर्यंत कुणी पोचलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. मीच त्यांना म्हणाले, हाव, कळलं.

दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर, मी मागच्या अंगणात गेले. माती ओली होती, त्यामुळं सगळं दिसत होतं. धुण्याच्या दगडापासून अंग ओढत नेल्याची खूण होती. तिथून फाटक जवळ आहे. फाटकाबाहेर रस्ता आहे, दुपारी त्या रस्त्यानं शाळेची पोरं जातात, एखादी मोटारसायकल जाते. फाटकापाशी पडून राहिले असते तर कुणीतरी बघितलं असतं. ते फाटकाकडं गेले नव्हते. मोडलेला पाय ओढत ते उलट्या बाजूला, यंत्राकडं गेले होते. वरवंटा तिथंच पडला होता. त्याचं फडकं सोडून बाजूला टाकलेलं होतं.

काकू माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे.

“रोजच ठोकायचे की. सातची एसटी फाट्यावरनं गेली की ठोकायचे. म्हणायचे, माझ्या माईला सांगतो, मी बरा हाय. मधी तू म्हणलीस म्हणं, लई मोठं वाजतंय. तवापासून फडकं गुंडाळून ठोकायचे.”

मग जरा थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं, तेही असंच, साधं. ठोकून झालं की आण्णा फरशीवर तळहात ठेवून बसायचे. पाच-दहा मिनिटं. काकूंनी एकदा खुणेनं विचारलं होतं, काय करताय? ते म्हणाले होते, तिकडनं येतंय का बघतो.

मी तिथं जमिनीवर बसून रडले, मोठ्यानं, लहान पोरासारखी. आयुष्यात दुसऱ्यांदा आमच्या घरात कुणीतरी ठोकून बोलावत होतं. पहिल्या वेळी त्यांच्याकडं दोन हात होते, कान होता, आणि दोन आवाजांतून एक निवडायचं पाप त्यांनी माझ्यासाठी डोक्यावर घेतलं. माझ्याकडं मुंगी ऐकणारं यंत्र होतं आणि आवाज एकच होता. तोही मी ऐकला. ऐकून त्याला नाव दिलं आणि पुढं गेले. मला कुणी शिक्षा करत नाही, कारण नियमाप्रमाणं माझं काहीच चुकलेलं नाही. तीन यंत्रांनी साक्ष दिली नव्हती.

दहावा झाल्यावर नांदेडला आले. पडद्यावरून काही झाकलं तरी मूळ रेघ यंत्राच्या साठ्यात तशीच राहते, ती कुणाला पुसता येत नाही. मी सात ते साडेसातची रेघ पडद्यावर परत आणली आणि मागच्या सगळ्या सकाळी काढून बघितल्या. दिवाळीचा दिवस होता, अवकाळी पावसाचा होता, त्यांना ताप होता असं काकू म्हणाल्या तो आठवडाही होता. एकही सुटलेला नव्हता, ते पंधरा दिवस सोडून. त्या पंधरा दिवसांत ते रोज सव्वासातला काय करत असतील, ह्याचा विचार मी अजून करते.

शेवटच्या दिवसाची नोंद बदलून मिळावी म्हणून मी अर्ज केला. अर्जात रकाना होता, कल्चरल नॉइज नाही तर मग काय? भूकंप, स्फोट, वीज, अज्ञात, ह्यातलं एक निवडा. मला एकही निवडता आलं नाही. अर्ज अजून माझ्याच खणात आहे. माळावरचा प्रयोग पुढं चांगला चालला. खाली सोडलेल्या वायूचा दगड झाला म्हणतात. झाला असेल.

मासिक श्राद्धाला गावी गेले तेव्हा मी मागच्या अंगणात बसून होते. सातची एसटी फाट्यावरून गेली. मी वरवंटा घेतला आणि फरशीवर ठोकलं. तीन. थांबले. परत तीन. फरशीवर एका जागी खोलगा पडला होता, वरवंटा आपोआप त्यात बसत होता. मग त्यांच्यासारखाच तळहात ठेवून बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. खालून काही आलं नाही.

चाचा त्या सकाळी लवकर कचेरीत आले होते. त्यांनी मला पुढं कधीतरी सांगितलं की ठोके साफ आले होते. त्या ठोक्यांपुढं त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, ती दोन अक्षरंही नाहीत.